मामांनी रिजेक्ट केलेला देश

आमच्या मामांइतका रागीट बौद्ध माणूस अख्ख्या आशिया खंडात दुसरा सापडणार नाही, आणि हे मी भूतान देश स्वतःच्या डोळ्यांनी बघून आल्यावर लिहिते आहे. मामा सकाळी उठत ते रागावूनच. नळाला पाणी आलं नाही की नगरपालिकेवर राग, आलं की ते गढूळ म्हणून राग, आणि चुकून स्वच्छ आलं तर "आज कुणी मंत्री येतोय वाटतं" म्हणून राग. वर्तमानपत्र ते बसून वाचत नसत, उभ्याने वाचत. बसल्यावर छातीतून नीट ओरडता येत नाही असं त्यांचं म्हणणं. पौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना मागे कुणी कुजबुजलं, तर मामा 'सरणं गच्छामि'च्या मध्येच वळून "गप बसा रे!" म्हणत आणि पुढचं सरण त्याच पट्टीत चालू ठेवत. एखादा भला माणूस सांगायला जायचा, की आपल्या धम्मात शांतीला महत्त्व आहे, तुम्हाला इतका राग शोभत नाही. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "शांती मलाच का शिकवता? मला राग आणणाऱ्याला आधी शिकवा, मग बघू." मला हे उत्तर तेव्हाही बिनतोड वाटायचं आणि आजही वाटतं. रागाच्या बाबतीत मी मामांवर गेले आहे असं घरात सगळे म्हणतात, आणि मी ते कौतुक म्हणूनच घेते.

मामा अंबरनाथला दारूगोळ्याच्या कारखान्यात एक्झामिनर होते. म्हणजे लेथवर तयार झालेला एकेक नग हातात घेऊन तो मापात आहे की नाही ते बघायचं. त्यासाठी दोन तोंडांचं एक गेज असतं. एक तोंड नगावर बसलं पाहिजे, दुसरं बसता कामा नये. गडबड आढळली की नगावर लाल रंगाचा ठिपका आणि मामांच्या तोंडून "रिजेक्ट!" थोडी घासपूस करून सुधारणारा असेल तर "रीवर्क!" पास झालेल्या नगाला मात्र ते काहीच म्हणत नसत, तो गुपचूप पुढच्या ट्रेमध्ये जायचा. तीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला घरी येऊन वेगळं वागता येत नाही. मामांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर कॅलिपर असे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी पंगतीत बसून पुऱ्यांची जाडी मोजली आणि आचाऱ्याला बोलावून घेतलं. मला बघायला आलेला पहिला मुलगा चांगला बँकेत होता, दिसायला बरा होता, मला पसंतही होता. बोलता बोलता त्याच्या वडिलांनी अभिमानाने सांगितलं, की आम्ही गॅझेटमध्ये देऊन आडनाव बदलून घेतलंय, आता ऑफिसात कुणाला पत्ताही लागत नाही. मामांनी हातातला चहा खाली ठेवला आणि पाहुण्यांच्या तोंडावर म्हणाले, "रिजेक्ट." दोन महिने मी मामांशी बोलत नव्हते.

आडनावाचं सांगायलाच हवं, कारण सगळा राग तिथून सुरू होतो. मामांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्हीही तेच कराल जे सगळे करतात: क्षणभर थांबाल, मनातल्या मनात आम्हाला एका खणात टाकाल, आणि मग "अरे वा, छान" म्हणून पुढे वाचाल. ही क्षणभराची थांबणूक मला लहानपणापासून ओळखता येते. शाळेत नव्या बाईंनी हजेरी घेताना ती असायची. टेलिफोन खात्यात मी कारकून म्हणून लागले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" आणि गाव सांगून समाधान झालं नाही तेव्हा, "म्हणजे आडनाव काय?" त्यानंतर त्यांच्या लोणच्याची बाटली माझ्यापर्यंत कधी आली नाही. मामांचा यावर एक इलाज होता. समोरच्याने विचारायच्या आधीच ते स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा आवाजात सांगत, की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. "चोरून ठेवायला मी काय कुणाचं उचलून आणलंय?" असं म्हणत.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा कारखान्याची क्वार्टर सोडावी लागणार म्हणून मामा जागा बघू लागले. एका रविवारी बदलापूरला एका बैठ्या घराचा वरचा मजला भाड्याने आहे असं कळलं, म्हणून आम्ही दोघं गेलो. मालक म्हणजे निवृत्त हेडमास्तर, अगदी हसतमुख. त्यांनी जागा दाखवली, गच्ची दाखवली, मागचं फणसाचं झाड दाखवलं, बायकोला सरबत करायला सांगितलं. मग मामांनी नेहमीप्रमाणे पूर्ण नाव सांगितलं. हेडमास्तर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "अहो, पण एक घोळ झालाय. काल संध्याकाळीच एकांशी बोलणी झालीत. मी विसरलोच." सरबत आतून बाहेर आलंच नाही. मी उसळून काहीतरी बोलणार होते, पण मामांनी माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. मामा ओरडले नाहीत, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. स्टेशन येईपर्यंत ते माझ्या पुढे झपाझप चालत राहिले. फलाटावरच्या नळावर ओंजळीने पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "एक देश आहे, पोरी. राजापासून शिपायापर्यंत सगळे आपले. बौद्ध. तिथं कोण कुणाला विचारणार?"

हा देश आम्हाला नवा नव्हता. मामांच्या क्वार्टरमध्ये रेडिओच्या वर एका जुन्या कॅलेंडरचं पान फ्रेम करून लावलेलं होतं. हिरवा डोंगर, त्यावर पांढऱ्या भिंतींचा मठ, मागे बर्फ. खाली लिहिलेलं, भूतान. छप्पन सालानंतर आमच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हा मामा शाळेत होते. नंतर कधीतरी त्यांना कळलं, की हिमालयात असा एक अख्खा चिमुकला देश आहे जिथे आपल्यासारख्यांना नवे म्हणून कुणी नाक मुरडत नाही. तेव्हापासून, कुठेही कुणी त्यांचा अपमान केला की ते त्या देशाचा दाखला देत. फोरमनने डावललं की भूतान. गणपतीच्या वर्गणीवरून भांडण झालं की भूतान. निवृत्तीचे कागद हातात पडले त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, मे महिन्याच्या सुरुवातीला जायचं. मामी यायला तयार नव्हती. तिने कुरडयांच्या चिकाचं निमित्त सांगितलं, पण स्वयंपाकघरात मला गाठून खरं बोलली. "अगं, तीस वर्षं ह्या माणसानं त्या एका फोटोवर काढलीत. तिथं गेले आणि तो देशही रिजेक्ट केला, तर मग ह्यांनी बघायचं कुठं? तू जा बाई सोबत. तुला हिंदी-इंग्रजी येतं. जरा सांभाळून घे." मी हो म्हणाले, आणि ऑफिसात रजेवरून साहेबांशी कडाक्याचं भांडून आले.

एप्रिलच्या शेवटी, अंगाची लाही होत असताना, मामा मला स्वेटर घ्यायला उल्हासनगरला घेऊन गेले. दुकानदार सिंधी काका पंख्याखाली बनियनवर बसले होते. "साईं, अभी स्वेटर? बुखार है क्या?" असं म्हणत त्यांनी माळ्यावरून पोती खाली काढायला लावली. मामांनी एकेका स्वेटरचं काज आणि बटण व्हर्नियरने मोजलं आणि सात स्वेटर रिजेक्ट केले. काका आधी हसले, मग चिडले, मग कपाळावर हात मारून म्हणाले, "वडी साईं, तुम पहनने आया है कि शादी करने आया है?" शेवटी दोघांचं तारस्वरात भांडण झालं, आणि भांडण संपल्यावर काकांनी दोघांसाठी थंडा मागवला. मामांना ते दुकान आवडलं. "हा माणूस मालावरून भांडला, आडनावावरून नाही," ते बाहेर येऊन म्हणाले.

कल्याणहून गाडीने अडीच दिवस, मग एक खडखडती बस, आणि अखेरीस रंगीत नक्षीची एक कमान ओलांडून आम्ही त्या देशात पाय ठेवला. मामांनी पांढरा शर्ट-पँट घातली होती, विहारात जाताना घालतात तशी. कमानीखालच्या पोलिसाला त्यांनी हात जोडून "नमो बुद्धाय" म्हटलं. तो गोड हसला. मामांचे डोळे भरून आले आणि मी दुसरीकडे बघू लागले. इतकं छान चाललं होतं. मग आम्ही वर जायचा परवाना काढायला कचेरीत गेलो. अर्ज मी भरले होते, पूर्ण नावांचे. गुडघ्यापर्यंत झगा घातलेला एक तरुण कारकून ते बघून परवाने लिहीत होता. त्याने मामांचा अर्ज वाचला, क्षणभर थांबला, आणि परवान्यावर मामांचं फक्त पहिलं नाव लिहून शिक्का मारला.

मामांनी तो कागद वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. ती क्षणभराची थांबणूक त्यांनीही बघितली होती. "इथंसुद्धा?" ते आधी हळू म्हणाले, मग सगळी कचेरी हादरेल असे ओरडले. "पूरा नाम लिखो! आडनाव लिखो! क्यों नहीं लिखा? पढ़ के छोड़ दिया ना?" बिचारा कारकून उभाच राहिला. "सर, नाम तो लिखा है. जगह कम है. इतना काफी है." "काफी नहीं है!" मामांनी टेबलावर मूठ आपटली. मी त्यांना ओढत होते आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. दोन हजार किलोमीटर आलो आणि इथेही ह्यांनी वाचलंच, असं. शेवटी बस सुटायची वेळ झाली म्हणून तो अर्ध्या नावाचा परवाना खिशात कोंबून आम्ही निघालो. वाटेत बाहेर धबधबे होते, पाईनची झाडं होती, मे महिन्यात अंगावर काटा आणणारं वारं होतं. मामांनी खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही.

पुढचे तीन दिवस त्यांनी त्या देशाची अशी तपासणी केली, की काय सांगू! मठाबाहेर म्हाताऱ्या बायका मंत्राची चाकं फिरवत होत्या. "चाक फिरवून पुण्य? मग लेथवाल्याला केवढं मिळायला पाहिजे! रिजेक्ट." मूर्तीपुढे लोण्याचे दिवे लावलेले. "पोरांच्या तोंडातलं लोणी जाळताय! रिजेक्ट." गाभाऱ्यात बुद्धाच्या शेजारी एक मिशीवाले गुरू बसले होते आणि लोक आधी त्यांच्याच पाया पडत होते. "हे कोण? ह्यांची ओळख करून द्या." मीठ घातलेला लोण्याचा चहा त्यांनी एक घोट घेऊन खाली ठेवला आणि त्या चहावर जे बोलले ते मराठीत होतं म्हणून निभावलं. खेड्यातल्या घरांच्या भिंतींवर दृष्ट लागू नये म्हणून पुरुषाच्या अंगाचं जे काही ठसठशीत रंगवलेलं होतं, ते मी लिहिणार नाही. मामांनी तेवढ्यापुरता माझा हात सोडला आणि दहा पावलं पुढे चालू लागले. सगळ्या देशात त्यांना एकच गोष्ट जरा बरी वाटली. एका मठाच्या अंधाऱ्या भिंतीवर लाललाल डोळ्यांचा, सुळे बाहेर काढलेला एक उग्र देव होता. भारतात शिकून आलेला एक तरुण भिक्षू आम्हाला हिंदीत समजावत होता. "ये इतने गुस्से में क्यों है?" मामांनी विचारलं. तो म्हणाला, "ये भी बुद्ध ही है, अंकल. लोगों के भले के लिए गुस्सा करता है." मामा त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "रीवर्क," ते शेवटी म्हणाले.

बाहेर आल्यावर मात्र मी फुटले. भर रस्त्यात ओरडले, की मामा, तुम्ही माणसं बघायला आलात की चुका काढायला? एवढं सुंदर आहे सगळं, थंडी आहे, डोंगर आहेत, तुम्हाला एक गोष्ट पसंत पडत नाही! मामा दुप्पट आवाजात म्हणाले, "डोंगर काय, माथेरानलाही आहेत! मी डोंगर बघायला आलो नव्हतो." मग खिशातला तो चुरगळलेला परवाना माझ्यापुढे धरला. "हे बघायला नव्हतो आलो." मला मामीचं बोलणं आठवलं.

आम्ही उतरलो होतो त्या छोट्या लॉजची मालकीण रोज संध्याकाळी शेगडीशी बसून तीन मुलांचा अभ्यास घ्यायची. त्या दिवशी मामा रागाने खोलीत न जाता तिथेच बसले आणि सवयीने मुलांच्या वह्या तपासू लागले. एकीवर लिहिलं होतं, सोनम चोडेन. दुसरीवर, ताशी. तिसरीवर, उग्येन नोर्बू. मामा मालकिणीला म्हणाले, "ये तीनों आप के नहीं हैं?" ती हसली. "तीनों मेरे हैं." "फिर इनका नाम?" "नाम लामा देता है. सबका अलग." "वो तो ठीक. बाप का नाम? घर का नाम? आडनाव?" तिला कळेना. मी इंग्रजीत सांगून बघितलं, हातवारे केले. तेव्हा तिच्या लक्षात आलं. "अच्छा, वो इंडिया का. हमारे यहां वो नहीं होता. राजा के घर में होता होगा. हम लोग का बस नाम है." मामा म्हणाले, "तो फिर पता कैसे चलता है, कौन कौन है?" ती गोंधळून म्हणाली, "पता क्या करना है? खाना खाया कि नहीं, वो पूछते हैं."

मामांनी तिन्ही वह्या मिटून ठेवल्या. पण एका तोंडी उत्तरावर माल पास करणाऱ्यांतले ते नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी नमुना तपासणी काढली. "लॉटमधले दहा नग तरी बघायला पाहिजेत," म्हणाले. शिंपी, बसचा कंडक्टर, पोलीस, भाजीवाली, झाडूवाला, पोस्टातली बाई, एक म्हातारा तिरंदाज, सगळ्यांना गाठून नाव, भावाचं नाव, वडिलांचं नाव. एकाचं नाव दोन शब्दांचं निघालं की मामा हर्षाने झडप घालत, "हे बघ, दुसरा शब्द आडनाव असणार," आणि त्याच्या भावाचं नाव विचारत. भावाचे दोन्ही शब्द वेगळे निघत. त्यांच्यातही लहान-मोठं असेलच, गरीब-श्रीमंत तर डोळ्यांना दिसत होतं. मी काही इतकी भोळी नाही. पण नावात ते लिहिलेलं नव्हतं. दहावा माणूस झाल्यावर मामा नदीकाठच्या कठड्यावर बसले, परवाना काढून मांडीवर तळहाताने सरळ केला आणि पुन्हा पुन्हा वाचला. "त्या पोराला मी उगाच ओरडलो," ते म्हणाले. त्या सबंध दिवसात ते पुन्हा रागावले नाहीत.

परत जाताना ते त्या कचेरीत मुद्दाम गेले, पण तो कारकून रजेवर होता. कमान ओलांडून भारतात आलो आणि पहिल्याच चहाच्या टपरीवर मामांनी चहाच्या पातळपणावरून भांडण काढलं, तेव्हा मला हायसं वाटलं. घरी मामीने धास्तावून विचारलं, "कसा आहे तो देश?" मामा म्हणाले, "थंड." मग, "धर्म रिजेक्ट आहे त्यांचा." देशाबद्दल पास की नापास ते काहीच बोलले नाहीत. मामी गालातल्या गालात हसली, कारण मामा कोणत्या मालाला काहीच म्हणत नसत, हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

नंतर मामांनी चिखलोलीकडे नव्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या आणि दारावर पितळी पाटी लावली, आडनाव नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "तिथं लागत नाही म्हणून लिहीत नाहीत. इथं लपवायला लागतं, म्हणून लिहायचं." मलाही अजून विचारतात, मीही आता विचारायच्या आधीच सांगते, आणि दर वेळी समोरचा क्षणभर थांबतो तेव्हा माझ्या कानशिलाशी रागाची शीर उडते.

चार-पाच वर्षांनी मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दाखल होताना त्यांनी डॉक्टरांशी, वॉर्डबॉयशी आणि खाटेच्या एका आखूड पायाशी रीतसर भांडण केलं होतं. ऑपरेशननंतर त्यांना वॉर्डात आणलं तेव्हा ते अर्धवट शुद्धीत होते आणि भुलीच्या थंडीने कुडकुडत होते. बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. शुद्ध आली का ते बघायला सिस्टर त्यांच्या गालावर हलकेच थापटत म्हणाली, "काका, नाव काय तुमचं? नाव सांगा." मी कान झाकायच्या तयारीत होते. मामांनी डोळे न उघडता, मी कधीच न ऐकलेल्या मऊ आवाजात सांगितलं, "तुळशीराम."

"पूर्ण नाव सांगा काका. आडनाव?"

मामांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "एवढंच," ते म्हणाले. "इथं नाही विचारत." मग चाचपडत माझा हात धरला. "थंडी बघ किती आहे, पोरी. स्वेटर घातलास ना?"

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून शुद्धीवर नाहीत. उठवा त्यांना, बोलत राहा." मला उठवता आलं असतं. कानाशी त्यांचं आडनाव मोठ्याने म्हटलं असतं तरी ते ताडकन उठून बसले असते आणि सगळ्या वॉर्डाला पूर्ण नाव ऐकवलं असतं, जे त्यांनी तासाभराने ऐकवलंच. पण मी दुसरी चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि सिस्टरला म्हटलं, "जरा वेळ राहू द्या त्यांना."